आट्यांत राहिलेला लाल रंग

तो हिरवा टॅग मी अजून फेकलेला नाही. स्वयंपाकघरातल्या खणात मेणबत्त्या आणि कुकरच्या जुन्या रिंगच्या शेजारी पडलाय. त्यावर निळ्या शाईत 'ओके' लिहिलंय, खाली सही. सहीतला शेवटचा फराटा आधी वर जातो आणि मग झटकन खाली वळतो. एकोणीस वर्षं ती सही मी शेजारच्या टेबलावर बघितली आहे, डोळे मिटून ओळखेन. ओळखली, आणि तिथेच सगळं बोंबललं.

मी इन्स्पेक्टर आहे. पोलिसातली नाही हो, लोकांना आधी तेच वाटतं. ओझरच्या बाजूला बारीकसारीक पार्ट बनवून देणारा एक कारखाना आहे. तिथे तयार झालेला पार्ट मोजायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे माझं काम. पास झाला तर त्याला हिरवा टॅग बांधायचा. नापास झाला तर ब्रशने लाल रंगाचा एक फटकारा मारायचा. लाल रंग लागला की तो पार्ट मेला. त्याला मग कुणी वाचवायचं नाही, मालकानेसुद्धा नाही.

आणि माझी मुलगी एअर रायफल शूटिंग करते. हे आमच्या घरात कुठून आलं देव जाणे. सासरची मखमलाबादला शेवंतीची आणि गुलाबाची शेती. आमच्याकडे बंदूक म्हणजे शेजारच्या द्राक्षबागेत पाखरं उडवायला लावतात तो बार. नववीत असताना शाळेतून तिला रेंजवर नेलं, आणि ही कार्टी घरी आली ती उजवा खांदा चोळत, पण चेहरा असा की दिवाळी आलीये. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना.

रेंजवर क्लबच्या दोन-तीन चांगल्या परदेशी रायफली आहेत, पण त्या पाळीपाळीने मिळतात. स्वतःची रायफल नसेल तर सराव म्हणजे नुसती रांग. नवी घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं. शेवटी एका सीनियर मुलीने सोडलेली जुनी रायफल मिळाली. तिचं लाकूड सुंदर होतं, पण बॅरल झिजलेली आणि ट्रिगर खिळखिळा. मग ठरलं की हिच्यात नवं किट बसवायचं. स्वस्तातली देशी किटं मिळतात. बॅरल, ट्रिगर, स्प्रिंग, रबरी सील, नेम धरायची मागची साइट असं सगळं एका खोक्यात येतं आणि जुन्या सांगाड्यात बसतं. ते वर्ष मुलीचं तिच्या वयोगटातलं शेवटचं होतं. राज्याच्या निवड चाचणीत ठरलेल्या गुणांच्या वर गेली असती, तर शिबिर, तिथली रायफल, तिथले कोच, सगळं मिळालं असतं. पुढच्या वर्षी मोठ्या गटात जायचं, तिथे पंचविशीतल्या पोरी असतात. म्हणजे संधी होती ती एकच.

"किट मी बघते," मी म्हणाले. घरात कुणी दुसरं नाव सुचवणारही नव्हतं.

पहिलं किट कुरिअरने आलं. खोका उघडला तर आत काळ्या स्पंजमध्ये एकेक वस्तू अशी मांडलेली की रुखवतच. मी मुलीला म्हटलं, बघ, जिथे खोक्यावर एवढा खर्च करतात तिथे आत काय असणार. एक स्क्रू घेतला, पेचकस लावून जरासा पिळला, डोकं लोण्यासारखं चिरडलं. स्प्रिंग फरशीवर उभी केली, ती प्यायल्यासारखी एका बाजूला कलली. दोन्ही टोकं सपाट घासलेलीच नव्हती. परत पाठवलं.

दुसऱ्याचा ट्रिगर उघडून बघितला. जिथे दोन पाती एकमेकांवर घसरतात ती जागा आरशासारखी हवी. तिथे कानशीचे ओरखडे, नखाला लागत होते. "हे काय, खोबरं खवायचं आहे का?" मी फोनवर त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, मॅडम वापरून वापरून गुळगुळीत होईल. मी म्हटलं, तोवर माझी मुलगी आजी होईल.

तिसरं दिसायला बरं होतं. स्क्रू कडक, स्प्रिंग सरळ. पण खरी परीक्षा बॅरलची. त्याला काही मोठं यंत्र लागत नाही. बॅरलमध्ये एक छर्रा ठेवायचा आणि सळईने हळूहळू पुढे ढकलायचा. हाताला पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच दाब लागला पाहिजे. त्या बॅरलमध्ये छर्रा अर्ध्यापर्यंत नीट गेला आणि मग सुळकन चार बोटं पुढे. मध्ये पोकळ, ढिली जागा. अशा बॅरलमधून दहातले आठ छर्रे जागेवर जातात आणि दोन कुठेतरी भटकतात. मुलीच्या हातात सळई देऊन मी तिला ती जागा दाखवली. तिने दोनदा ढकलून बघितलं आणि हसत सुटली.

"आई, तू सून बघायला आल्यासारखी बघतेस. हिची चाल बघ, हिचे दात बघ."

"सून एकवेळ चालेल. बॅरल नाही चालणार," मी म्हटलं. खूप मजा आली आम्हाला त्या दिवसांत, हे आठवलं की अजून जास्त राग येतो.

मग मला भाऊ आठवले. माझे सख्खे भाऊ नाहीत. शेजारच्या टेबलावर बसायचे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. मी नवीन असताना एका पार्टवर चुकून हिरवा टॅग लावला होता. भाऊंनी तो उचलला, माझ्यासमोर ठेवला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "ताई, परत मोज." तो पार्ट गेला असता तर माझी नोकरी गेली असती. मुलीच्या वेळी मला दिवस होते तेव्हा जड ट्रे ते उचलून द्यायचे. कंपनीच्या बसमध्ये द्वारकेच्या चौकापासून ओझरपर्यंत रोज त्यांच्या बायकोने दिलेला आवळा खात आम्ही कामाच्याच गप्पा मारायचो. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंबडला एक गाळा घेतला आणि एअर रायफलीची किटं जुळवून विकायला लागले. हे कानावर आलं तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू.

एका रविवारी मी गाळ्यावर गेले. भाऊंनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, मुलीच्या शूटिंगचं ऐकून डोळ्यांत पाणी आणलं. "आपली पोरगी राज्याला जाणार म्हणजे काय! तिच्यासाठी मी स्वतः निवडून देतो." आत गेले, किट घेऊन आले. बॅरल तिच्या ठोकळ्यात आधीच आवळून बसवलेली, आणि ठोकळ्याला दोऱ्याने हिरवा टॅग बांधलेला. ओके. खाली तीच सही.

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही मला मूर्ख म्हणाल. म्हणालच, पण निदान कारण कळू दे. एका इन्स्पेक्टरने पास केलेला पार्ट त्याच्याच बरोबरीच्या दुसऱ्याने परत मोजायचा नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. पण त्याच्या सहीवर तू गेज लावलास म्हणजे तू त्याला खोटारडा म्हणालास. या एका कारणावरून आमच्याकडे दोघांनी सात वर्षं अबोला धरलेला मी बघितलाय, दोघेही रोज एकाच टेबलावर डबा खायचे. माझ्या पिशवीत त्या दिवशी सळई होती, छर्ऱ्यांची डबी होती. तिसऱ्या किटाला जी परीक्षा लावली ती लावायला पाच मिनिटं पुरली असती. माझा हात पिशवीत गेलासुद्धा. समोर भाऊ बशीत चहा ओतत होते. मी हात बाहेर काढला आणि रुमालाने तोंड पुसलं.

स्क्रू तपासले, स्प्रिंग फरशीवर उभी केली, ट्रिगरला नख लावून बघितलं. त्यांवर टॅग नव्हता ना, त्यामुळे ते तपासायला हरकत नव्हती. सगळं उत्तम होतं. बॅरलला मी हात लावला नाही.

घरी ओट्यावर जुनी चादर पसरून आम्ही दोघींनी रायफल जुळवली. मुलीने लाकडाला तेल लावलं, हे दारात उभे राहून म्हणाले, "लय भारी दिसतीये." पहिले पंधरा दिवस तिला नव्या ट्रिगरची सवय करण्यात गेले. मग एक दिवस रेंजवरून आली, बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, रायफल फेकतेय."

"म्हणजे?"

"दहातले दोन खाली डावीकडे जातात. मी बरोबर धरलेली असते तरी."

"रायफल नाही फेकत. तू फेकतेस," मी म्हणाले. भाजी चिरता चिरता म्हणाले, मान वर न करता.

ती दर आठवड्याला सांगायची. मी दर आठवड्याला तेच उत्तर द्यायचे, फक्त आवाज चढत गेला. श्वास नीट सोडत नाहीस. फोन बघत बसतेस म्हणून डोळे थकतात. खांदा ढिला पडतोय. तिला भिंतीसमोर रिकामी रायफल धरून अर्धा-अर्धा तास उभी केली. तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाऊ दिलं नाही. एकदा तर मी म्हणाले, "हात स्थिर राहत नसेल तर सोड हे आणि जा शेवंती तोडायला." तिच्या बापासमोर म्हणाले, ज्याने आयुष्यभर शेवंती तोडून आम्हाला खायला घातलं. माझी जीभ झडायला हवी होती त्या वेळी.

ह्यांनी एकदाच विषय काढला. जेवताना म्हणाले, "पोरगी एवढं म्हणती तर एकदा बघ ना ती नळी. मी टमाट्याचं क्रेट घेताना वरचा थर बघून घेत नाय. हात पार खाली घालतो. माल देणारा माझा साडू असला तरी घालतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. "भाऊंनी पास केलीये ती! भाऊंनी! टमाटे आहेत का ते?"

"बरं," ते म्हणाले आणि ताक मागितलं.

चाचणीच्या दिवशी आम्ही तिघं सकाळीच रेंजवर गेलो. पालकांना काचेमागे बसवतात. समोर प्रत्येकीच्या गोळ्या पडद्यावर दिसतात. मुलगी उभी राहिली, आणि आई म्हणून नाही, इन्स्पेक्टर म्हणून सांगते, तिची उभी राहण्याची ढब बघण्यासारखी होती. पाय रुतल्यासारखे, खांदा जराही हलत नव्हता. नऊ, दहा, दहा, नऊ, दहा. आणि मग एक सात. खाली डावीकडे. परत दहा, दहा, नऊ. परत एक सात, तिथेच. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "मधेच काय होतं हो तिला?" मी म्हटलं, "लक्ष भटकतं." असं मी तोंडाने म्हणाले, देवा शप्पथ.

थोडक्यात गेलं. थोडक्यात म्हणजे त्या साताच्या जागी चार-दोन नऊ पडले असते तर निभावलं असतं. घरी येताना गाडीत ती मागे बसली होती. पंचवटीचा सिग्नल लागला तेव्हा म्हणाली, "मला नाही जमत, आई. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं." रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. रायफल तिने कपाटावर ठेवली आणि रेंजवर जाणं बंद केलं.

तीन आठवड्यांनी रेंजवरच्या कोच मॅडमचा फोन आला. एका मैत्रीपूर्ण सामन्यासाठी एक मुलगी कमी पडतेय, तुमचीला पाठवा, क्लबची रायफल देते. ती जायला तयार नव्हती. मीच ओढून नेलं, रागावूनच. तिने क्लबची रायफल उचलली आणि कागदी टार्गेटवर दहा मारले. मॅडमनी तो कागद काढून माझ्यासमोर धरला. दहाही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली असती. एकही खाली डावीकडे नव्हतं.

मॅडमनी मुलीला विचारलं, "तुझ्या रायफलची बॅरल कुणी तपासली होती?"

"आईने," ती म्हणाली. "आई इन्स्पेक्टर आहे ना."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून. आयुष्यात कितीतरी वेळा खोटं बोलले असेन, पण त्या मानेची मला जेवढी लाज वाटते तेवढी कशाची वाटत नाही.

घरी आले, चपला न काढता कपाटावरची रायफल खाली घेतली. बॅरल सोडवली, छर्रा ठेवला, सळई घेतली. छर्रा गेला, गेला, आणि मग सुळकन. तिसऱ्या किटात होती तशीच ढिली जागा, जवळजवळ तिथेच. जी बॅरल हसत हसत परत पाठवली होती तिची ही बहीण. मी पुन्हा ढकललं, पुन्हा सुळकन. मग पान्याने ठोकळा सोडवला, जो मी कधी सोडवलाच नव्हता, कारण त्याला टॅग होता. आतले आटे, म्हणजे पेचाच्या गोल खाचा, दिसले. आट्यांमध्ये लाल रंग होता.

वरचा रंग कुणीतरी घासून काढला होता, वरून काळपट करून पॉलिश मारली होती. पण आट्यांच्या खाचेतला रंग काही घासून निघत नाही. तिथे तो दाताला लागलेल्या पानासारखा राहिला होता. म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्यातल्या माझ्यासारख्याच कुणीतरी ही बॅरल मोजली होती, नापास केली होती, लाल फटकारा मारला होता. त्या न बघितलेल्या माणसाने आपलं काम केलं होतं. आणि भाऊंनी तो रंग घासून वर हिरवा टॅग बांधला होता. माझ्या मुलीचं नाव ऐकून डोळ्यांत पाणी आणल्यानंतर.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून अंबडला गेले. भाऊंनी तशीच खुर्ची पुसून दिली. मी बसले नाही. बॅरल टेबलावर ठेवली, आटे त्यांच्याकडे करून. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला. तिथेच मला कळलं. ज्याला माहीत नसतं तो चष्मा लावून पुन्हा पुन्हा बघतो.

"ताई, बजेट किट आहे गं ते," ते म्हणाले. "त्या भावात पास बॅरल कुठून आणायची? रिजेक्ट लॉट घ्यावा लागतो. दहातले आठ तर नीट जातात ना."

"तुम्ही टॅग लावलात."

"टॅगशिवाय गिऱ्हाईक हात लावत नाही."

"मी गिऱ्हाईक होते का, भाऊ?"

त्यांनी चष्मा खिशात ठेवला. मग असं काही बोलले की मला बसावंच लागलं. "मला वाटलं तू मोजशील. तू आणि न मोजता घेशील? मी तर वाट बघत होतो तू परत आणशील म्हणून. आणली असतीस तर चांगली काढून दिली असती. आहे माझ्याकडे, चांगलीपण आहे."

चांगलीपण होती! आतल्या कपाटात होती! आणि ते म्हणत होते की मी मोजेन असं त्यांना वाटलं. त्यांना पक्कं ठाऊक होतं मी मोजणार नाही. माझा हात पिशवीतून रिकामा बाहेर आला तेव्हा ते बशीवरून माझ्याकडेच बघत होते, ते मला त्या क्षणी आठवलं. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं.

उठताना टेबलाच्या उघड्या खणाकडे नजर गेली. आत हिरव्या टॅगांची जुडी होती, रबरबँड लावलेली. सगळ्यांवर 'ओके' आणि सही आधीच करून ठेवलेली. फराटा वर, मग झटकन खाली. पार्ट अजून यायचे होते. मी भांडायला आले होते, शिव्या पाठ करून आले होते, पण ती जुडी बघून माझ्या तोंडून एवढंच निघालं, "भाऊ, मला 'परत मोज' कुणी शिकवलं होतं?" ते खण लोटत म्हणाले, "तेव्हा पगार मिळायचा, ताई." त्यानंतर मी त्यांच्याशी बोललेले नाही, बोलणारही नाही. त्यांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली होती, ती तशीच परत केली.

खरी अवघड गोष्ट घरी होती. मुलीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ढिली जागा, लाल रंग, भाऊ, जुडी. भाऊंना मी भरपूर शिव्या घातल्या. मला वाटलं तीही घालेल, मग आम्ही दोघी मिळून घालू, आणि हे ओझं जरा हलकं होईल. ती ऐकत राहिली. मग उठली आणि आतून एक फाइल घेऊन आली.

फाइलमध्ये टार्गेटचे कागद होते. तीन महिन्यांचे, सगळे. प्रत्येकावर तारीख, वेळ, आणि खाली डावीकडच्या दोन भोकांभोवती पेन्सिलीने गोल. प्रत्येक कागदावर तेच दोन गोल, त्याच कोपऱ्यात. इन्स्पेक्टरची मुलगी शेवटी. कामावर नवीन आलेल्यांना मीच शिकवते की माणसाची चूक रोज वेगळी असते आणि मालाची चूक रोज तीच असते. कारखान्यात असे कागद कुणी माझ्यासमोर ठेवले असते तर दुसऱ्या कागदाला मी म्हणाले असते, माणसाला सोडा, पार्ट काढून बघा.

"हे मी तुला दाखवायला आणले होते," ती म्हणाली. "दोनदा. एकदा तू म्हणालीस ठेव तिकडे. एकदा म्हणालीस कारणं नको सांगूस."

"मला माफ कर गं. मी भाऊंवर…"

"ते भाऊ बाहेरचे होते, आई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्यांचा एक सहीचा टॅग चालला तुला. माझे एवढे कागद नाही चालले."

मी इतका वेळ भाऊंच्या नावाने खडे फोडत होते. पण ज्या पोरीला स्वतःच्याच हातांचा भरवसा वाटेनासा झाला, तो भरवसा भाऊंनी नव्हता काढून घेतला. त्यांनी फक्त बॅरल खराब दिली होती. बाकीचं माझं काम.

ती परत रेंजवर जायला लागली, मोठ्या गटात. आधी क्लबची रायफल पाळीपाळीने वापरली. आमच्या रायफलीत नवी बॅरल बसवली आहे, ती तिने स्वतः निवडली. तीन बॅरल मागवून कोच मॅडमकडे ठेवून घेतल्या, तिन्हींतून छर्रा ढकलून बघितला, दोन परत केल्या. मला नंतर कळलं.

परवा तिचा सामना होता. सकाळी ती ओट्यावर रायफल ठेवून बॅगेत भरत होती. मी चहा बाजूला ठेवला, हात पुसले, खणातून सळई काढली. त्याच खणात तो हिरवा टॅग पडलेला होता.

"आण इकडे," मी म्हटलं. "एकदा बघून देते."

"नको, आई," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साधं, घरातल्या माणसाशी बोलतात तसं. "मी बघितलीये."

आणि तिने बॅगेची चेन ओढली. मी तिने आधीच केलेल्या तपासणीवर पुन्हा सळई लावू शकत नव्हते, ते तर तिला खोटं म्हणण्यासारखं झालं असतं. मी सळई परत खणात ठेवली आणि तिच्या डब्याचं झाकण लावायला घेतलं.